माशी मोजण्याचे राष्ट्रीय काम

१ मे २०१४ रोजी, नेमक्या महाराष्ट्रदिनी, युरोपीय संघाने भारतीय आंब्याला आपली दारे बंद केली. आंब्याबरोबर वांगे, कारले, पडवळ आणि अळू यांच्यावरही तोच बडगा उगारला गेला. हंगाम ऐन भरात होता, वाशीच्या बाजारात पेट्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. साहजिकच संतापाची लाट उसळली. कुणाला त्यात हापूसचा अपमान दिसला, कुणाला पाश्चात्त्यांची मिजास दिसली, तर कुणी यामागे व्यापारी डाव असल्याचा निर्वाळा देऊन टाकला. आता आंबा स्वस्त होणार म्हणून मनातल्या मनात सुखावलेले ग्राहकही थोडे नव्हते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी उठवण्याचा निर्णय युरोपने घेतला. संताप विरला आणि त्याबरोबर मूळ प्रश्नही विस्मरणात गेला.

तो प्रश्न साधा होता. २०१३ या एका वर्षात भारतातून युरोपात गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि अन्य निषिद्ध किडी आढळल्या होत्या. हा आकडा परकीयांनी मोजला आणि परकीयांनीच सांगितला. त्या वर्षी आपल्या बागांत फळमाशी किती होती, कोणत्या आठवड्यात वाढली, कोणत्या गावात ती नगण्य होती, हे सांगणारा आपला स्वतःचा आकडा कुणी त्यांच्यापुढे ठेवल्याचे आठवत नाही. संशोधन केंद्रांच्या नोंदी असतात, प्रबंधही लिहिले जातात. पण देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि राजापूरपासून दापोलीपर्यंत गावोगावच्या बागांची सलग, साप्ताहिक नोंद हाताशी असती, तर बंदीचे उत्तर निषेधाच्या पत्रकाने देण्याची वेळ आली नसती. अमुक गावांत माशी आहे, अमुक गावांत नाही, हा घ्या पुरावा, असे ठणकावून सांगता आले असते.

ज्या माशीवरून एवढे रामायण घडले, ती म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावणारी चिलटे नव्हेत. पूर्वेकडील फळमाशी, शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, ही साधारण घरमाशीएवढी असते आणि रंगरूपाने बारीक गांधीलमाशीची आठवण करून देते. मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखी नळी असते. पक्वतेला आलेल्या फळाच्या सालीला ती बारीक छिद्र पाडते आणि सालीखाली अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर येतात आणि आठवडा-दहा दिवस गरावर पोसल्या जातात. नंतर त्या फळातून बाहेर उडी मारून मातीत शिरतात आणि तिथे कोष करतात. उबदार हवेत तीन-एक आठवड्यांत नवी माशी तयार. एक मादी आयुष्यात हजाराहून अधिक अंडी घालू शकते. आंबा, पेरू, केळे, पपई, चिकू, जांब अशा शेकडो वनस्पतींची फळे तिला चालतात. फळ बाहेरून निर्मळ दिसते, आढीत व्यवस्थित पिकते, आणि सुरी लावल्यावर आत वळवळ दिसते. ज्या गृहिणीच्या ताटात असा आंबा आला, ती त्या बागायतदाराला पुन्हा दारात उभा करीत नाही. युरोपने केले ते याहून वेगळे काही नव्हते.

या माशीचे मूळ घर दक्षिण आणि आग्नेय आशिया. म्हणजे आपल्या दृष्टीने ती घरची कीड, पण इतरांच्या दृष्टीने आक्रमक. २००३ मध्ये केनियाच्या किनारपट्टीवर ती प्रथम आढळली, तेव्हा तिथल्या संशोधकांना ती ओळखता येईना. श्रीलंकेतील नमुन्यांशी तिचे साम्य होते, पण ती निराळी जात असावी असे वाटले. २००५ मध्ये तिला ‘आक्रमण करणारी’ अशा अर्थाचे, ‘बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडेन्स’ हे नाव देण्यात आले. पुढे दहा वर्षे तुलना, संकर आणि जनुकीय तपासण्या झाल्यावर २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी मान्य केले की ही आपली जुनीच ओळखीची डॉर्सालिस. तोवर तिने सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील बहुतेक देशांत ठाण मांडले होते. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर सीमेवर २०१० मध्ये ती प्रथम सापडली, तेव्हा तिथून उखडून काढण्यात आली. पण अवघ्या तीन वर्षांत तिने लिंपोपो प्रांताच्या काही भागात पाय रोवले. इटलीच्या काम्पानिया भागात २०१८ मध्ये ती मोकळ्या रानात सापळ्यात आली. युरोपीय अधिकारी आंब्याच्या पेटीकडे संशयाने का पाहतात, याचे उत्तर या नकाशात आहे. आपल्या एका पेटीतील दोन अळ्या हा आपल्या लेखी एक नासका आंबा असतो. सिसिलीच्या संत्रे-बागायतदाराच्या लेखी तो पिढ्यान्‌पिढ्यांचा शत्रू ठरू शकतो.

आता या कहाणीतील एक वेगळा धागा. जगातील प्रत्येक देश या माशीवर पहारा ठेवण्यासाठी जे आमिष वापरतो, त्याचा शोध भारतात लागला. बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कृषी संशोधन संस्थेत फ्रँक हॉवलेट नावाचा इंग्रज कीटकशास्त्रज्ञ काम करीत होता. सिट्रोनेला तेलाच्या वासाकडे फळमाश्या झेपावतात आणि त्या सगळ्या नर असतात, हे त्याच्या ध्यानात आले. १९१२ मध्ये त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. तेलातील नेमका कोणता घटक नरांना खेचतो, याचा शोध घेत तो १९१५ मध्ये मिथिल युजेनॉलपर्यंत पोहोचला. नर माशी हे द्रव्य चाटते, ते शरीरात मुरवते आणि त्यापासून मादीला भुलवणारा गंध तयार करते, ही उकल फार पुढच्या काळातली. पण पायाचा दगड पुशाच्या आवारात बसला. १९३४च्या भूकंपात त्या संस्थेची इमारत उद्ध्वस्त झाली आणि संस्था दिल्लीला हलली. दिल्लीच्या त्या परिसराला आजही पुसा म्हणतात, ते याच गावाच्या नावावरून.

हेच मिथिल युजेनॉल आपल्या अंगणातील तुळशीतही असते. दक्षिणेत आणि अन्यत्रही काही शेतकरी तुळशीची पाने कुस्करून, त्यात थोडे कीटकनाशक घालून, नारळाच्या करवंटीत ते मिश्रण झाडाला टांगतात आणि त्यावर फळमाश्या येतात. हे वाचून काही उत्साही मंडळींना लगेच ‘आमच्या पूर्वजांना हे ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरावा. तुळस पूर्वजांनी अंगणात लावली ती अन्य आणि अधिक थोर कारणांसाठी. तिच्यातील गुणाचे मोजमाप करून सापळा बनवण्याचे काम आपल्याच भूमीवर, पण दुसऱ्याने केले. आणि त्या सापळ्याच्या बळावर पहारा कसा द्यावा, हे जगाने दाखवून दिले.

१९६०च्या दशकात प्रशांत महासागरातील रोटा नावाच्या छोट्या बेटावर स्टायनर या अमेरिकी संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले ठोकळे विमानातून टाकले. नर संपले, माद्यांची अंडी वांझ ठरली आणि बेट मुक्त झाले. जपानने ओकिनावा आणि आसपासच्या बेटांवर हाच मार्ग चोखाळला आणि १९८६ पर्यंत ही माशी तिथून नामशेष केली. कारल्या-काकडीवर पडणारी दुसरी फळमाशी, जिचेही माहेर बहुधा आपल्याच बाजूला आहे, तिच्यासाठी जपानने प्रयोगशाळेत वाढवून वांझ केलेल्या अब्जावधी माश्या वीस वर्षे सोडल्या. १९९३ मध्ये ते काम पुरे झाले, तेव्हा कुठे ओकिनावाचे कारले निर्बंधांविना मुख्य भूमीवर जाऊ लागले. वीस वर्षे! सरकारे बदलली, अधिकारी निवृत्त झाले, पण सापळ्यातील माश्या मोजणे थांबले नाही.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९५ मध्ये केर्न्स शहराजवळच्या बागेत पपईत ही माशी सापडली, तेव्हा ती तिथे बराच काळ वावरत असावी असे दिसून आले. पहारा ढिला असल्याची किंमत मोठी होती. १९९९ पर्यंत चाललेल्या मोहिमेत ती निपटून काढण्यात आली. मात्र ऑस्ट्रेलियाने तिथे थांबून सत्कारसमारंभ केले नाहीत. न्यू गिनीच्या दिशेने टॉरेस सामुद्रधुनीत जी छोटी बेटे आहेत, तिथे दर पावसाळ्यात वाऱ्याबरोबर माश्या येतात, दरवर्षी सापळ्यांत पकडल्या जातात आणि दरवर्षी तिथून उखडल्या जातात. शत्रू दरवर्षी येणार हे गृहीत धरून दरवर्षी उभा राहणारा हा पहारा आहे. मुख्य भूमीवरच्या बागायतदाराला त्याची जाणीवही नसते, आणि तेच त्या पहाऱ्याचे यश.

सापळा म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे, कारण आपल्याकडे त्याविषयी बराच गैरसमज आहे. एक प्लॅस्टिकचा डबा, त्याला माशी आत शिरेल एवढी छिद्रे, आत प्लायवूडचा लहान ठोकळा. अल्कोहोल, मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशक सहा, चार, एक या प्रमाणात मिसळून त्यात ठोकळा भिजवलेला असतो. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ या नावाचा स्वस्त आणि सुटसुटीत सापळा विकसित केला. कोकणातील अनेक बागांत तो लटकलेला दिसतो. बागायतदार डबा उघडतो, आत मेलेल्या माश्यांचा थर पाहतो आणि समाधानाने म्हणतो, बघा किती मारल्या!

इथेच गफलत होते. या डब्यात आलेल्या सगळ्या माश्या नर असतात. फळाला छिद्र पाडणारी मादी डब्याकडे ढुंकूनही पाहत नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे शंभरातील सत्तर-ऐंशी नर मारूनही माद्यांची अंडी फळायची ती फळतातच. शिवाय नर आपल्याच बागेतले असतात असे नाही, शेजारच्या बागेतूनही ते वासावर येतात. थोडक्यात, एकट्या बागेत लावलेला सापळा संरक्षण थोडे देतो. त्याचा खरा उपयोग आहे खबऱ्याचा. भरलेला डबा ही विजयाची पावती समजण्यात अर्थ नाही, ती धोक्याची घंटा आहे. मादीसाठी प्रथिनयुक्त आमिषाची ठिपक्या-ठिपक्यांनी फवारणी, पडलेली फळे रोजच्या रोज उचलणे, झाडाखालची माती हलवून कोष उघडे पाडणे, फळ वेळेत उतरवणे, ही सारी पुढची कामे केव्हा आणि किती करायची, हे डब्यातील आकडा सांगतो.

तो आकडा काढण्याची रीत चौथीच्या मुलाला जमेल इतकी सोपी आहे. समजा, दहा सापळे लावले आणि सात दिवसांनी त्यांत मिळून १४० माश्या निघाल्या. दहा गुणिले सात म्हणजे सत्तर, १४० भागिले सत्तर म्हणजे दोन. दर सापळ्यामागे दररोज दोन माश्या. जगभर हाच हिशेब चालतो, त्यामुळे मोझांबिकमधील आकडा आणि मालवणमधील आकडा शेजारी ठेवून पाहता येतो. पुढच्या आठवड्यात दोनाचे पाच झाले, तर मादीसाठीची फवारणी त्याच आठवड्यात. अर्ध्यावर आले, तर विनाकारण औषध मारायचे नाही. पैसा वाचतो, फळावरचा विषाचा अंश कमी होतो, मधमाश्याही वाचतात.

रीत सोपी असली तरी शिस्त अवघड आहे. आमिषाचा वास दीड-दोन महिन्यांत मंदावतो, ठोकळा बदलावा लागतो. डबा रिकामा दिसला म्हणून माशी संपली असे नाही, कदाचित वासच संपला असेल. माश्या मोजल्यावर डबा रिता करून तारीख लिहावी लागते, नाहीतर मागच्या आठवड्याच्या माश्या या आठवड्यात पुन्हा मोजल्या जातात. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे शून्य लिहिणे. एखादा परिसर फळमाशीमुक्त ठरवण्याचे आंतरराष्ट्रीय मानक २००६ पासून अस्तित्वात आहे. त्याची मागणी अशी की माशी नाही, हे ठरावीक अंतरावरच्या सापळ्यांच्या सलग नोंदींनी दाखवा. ज्या आठवड्यात काहीच सापडले नाही, त्या आठवड्याचीही नोंद हवी. शून्याचा शोध लावल्याचा अभिमान आपण बाळगतो, पण वहीत शून्य लिहायला मात्र आपल्याला कंटाळा येतो. काही घडले तर लिहू, अशी आपली वृत्ती. पहाऱ्याची वही काही न घडलेल्या रात्रींनी भरलेली असते.

या बाबतीत केनियाकडून शिकण्यासारखे आहे. आपण युरोपच्या बंदीवर आगपाखड करीत होतो, त्याच २०१४ मध्ये केनियाने युरोपला होणारी आंब्याची निर्यात स्वतःहून थांबवली. फळमाशी आटोक्यात येत नाही तोवर आपला आंबा पाठवायचा नाही, असा तो निर्णय होता. तो घेण्याला धाडस लागते. मग माकुएनी जिल्ह्यात गावेच्या गावे एकत्र घेऊन काम सुरू झाले. सापळे लागले, नोंदी ठेवल्या गेल्या. नैरोबीच्या कीटकविज्ञान संस्थेने याआधीच हवाईहून फळमाशीच्या अंड्यांवर जगणारी एक इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली होती. पडलेली फळे जाळीच्या तंबूत टाकण्याची युक्तीही शेतकऱ्यांना शिकवण्यात आली. तंबूच्या जाळीतून ही बारीक गांधीलमाशी बाहेर पडते, पण फळमाशी आतच मरते, अशी ती योजना. सात वर्षांनी, २०२१ मध्ये, केनियाचा आंबा पुन्हा युरोपकडे निघाला. ज्या देशात ही माशी आपल्या बाजूने गेली, त्या देशाने तिच्याशी कसे लढावे याचा धडा घालून द्यावा, यात आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. धडा गिरवला नाही, तर मात्र वाटावा.

आपण काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बंदीनंतर आंबा ४८ अंश तापमानाच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली, निर्यातदार बागांची ‘मँगोनेट’ प्रणालीत नोंदणी सुरू झाली. जपानने १९८६ मध्ये फळमाशीच्याच कारणावरून घातलेली बंदी वीस वर्षांनी, २००६ मध्ये, उष्ण बाष्पाची प्रक्रिया मान्य झाल्यावर उठली. अमेरिकेची बाजारपेठ २००७ मध्ये खुली झाली, ती फळांवर किरणोत्सर्गाची मात्रा देण्याच्या अटीवर. लासलगावच्या केंद्रातून त्या वर्षी निघालेल्या पहिल्या पेट्यांचे कौतुक सर्वांनी केले. परंतु या साऱ्या उपायांत एक समान सूत्र आहे. ते सारे फळ उतरवल्यानंतरचे आहेत. बागेत जे झाले ते झाले, आता कारखान्यात फळ शुद्ध करून घेऊ, असा त्यांचा रोख. गरम पाण्याने अळी मरते, पण मेलेली अळी फळातच राहते. आणि देशातल्या ग्राहकाने काय घोडे मारले आहे? बहुतांश आंबा देशातच खाल्ला जातो. त्याच्यासाठी ना गरम पाणी, ना किरणे. दादरच्या किंवा कोथरूडच्या घरातल्या मुलाने निर्धास्तपणे आंबा चोखावा, हा लंडनच्या ग्राहकाइतकाच राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा विषय मानायला हवा.

शिवाय प्रक्रिया केली म्हणून भागते असेही नाही. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत किरणप्रक्रिया झालेल्या आंब्याच्या काही खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारण्यात आल्या आणि तिथेच नष्ट कराव्या लागल्या. त्यांत कीड आढळली असा आरोप नव्हता, आक्षेप होता तो प्रक्रियेच्या कागदपत्रांवर. फळ चोख, पण नोंद सदोष, म्हणून लाखोंचा माल कचऱ्यात. यात दोष नेमका कुणाचा, या वादात शिरण्याचे इथे प्रयोजन नाही. पण जगाच्या बाजारात माल आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी राहिलेल्या नाहीत, हे त्यातून पुरेसे स्पष्ट झाले.

कोकणातील वास्तव पाहू. हापूसच्या कलमांची बाग गडग्याने बंदिस्त असते, पण माशीला गडगा अडवत नाही. एका बागायतदाराने सापळे लावले, फळे उचलली, फवारणी केली, आणि पलीकडचे आवार मुंबईला स्थायिक झालेल्या चाकरमान्याचे असेल, तर तिथे रायवळ आंब्याचा सडा पडलेला असतो. कुणी उचलत नाही, कुणी पुरत नाही. परसातला जांब, विहिरीकाठचा पेरू, हे सारे माशीचे पाळणाघर. वळवाच्या सरी पडल्या, हवा दमट झाली की हंगामाच्या अखेरीस माशी उसळते आणि मागास मोहोराचे फळ तिच्या तावडीत सापडते. नेमका तोच काळ चाकरमानी गावी आलेला असतो. त्याने जाताना पाटीभर आंबे न्यावेत, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण आपल्या आवारात कुजलेली फळे गोळा करून, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-आठ दिवस उन्हात टाकली, तरी त्याने शेजाऱ्यावर मोठे उपकार केले असे होईल. बंद पिशवीतल्या उष्णतेने अळ्या मरतात. खर्च शून्य.

हे काम एकट्यादुकट्याचे नाही, गावाचे आहे. विमानातून ठोकळे टाकण्यासाठी बेट लागते. आपल्याकडे बेट नाही, पण वाडी आहे. वाडीवाडीत सापळे विशिष्ट अंतरावर लावायचे, त्यांना क्रमांक द्यायचे, दर रविवारी मोजायचे आणि आकडा शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचा, एवढे करायला मोठा निधी लागत नाही. शाळेतील मुलांना विज्ञानाचा याहून जिवंत पाठ दुसरा मिळणार नाही. बचत गटांच्या भगिनी ठोकळे भिजवून विकू शकतात. विद्यापीठ आणि कृषी खात्याने त्या फळ्यांवरचे आकडे एकत्र करावेत, तालुक्याचा नकाशा काढावा आणि दर आठवड्याला जाहीर करावा. आज बहुतेक योजनांत सापळे वाटले जातात, वाटपाचे छायाचित्र निघते, किती सापळे वाटले याचा अहवाल वर जातो. त्या सापळ्यांत किती माश्या आल्या, हे कुणी विचारत नाही. अहवालात रकाना बदलला, तरी निम्मे काम होईल. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला कायद्याचे कवच मिळाले, फळाला पहाऱ्याचे मिळायचे आहे.

शहरी कुटुंबांनीही हा विषय बागायतदारांचा म्हणून सोडून देऊ नये. मुलगा किंवा मुलगी परदेशात असलेली असंख्य मराठी घरे आहेत. मे महिन्यात तिकडे जाताना सामानात कपड्यांच्या घडीत डझनभर हापूस लपवून नेण्यात अनेकांना पराक्रम वाटतो, आणि परत आल्यावर तो चारचौघांत सांगितलाही जातो. नातवाने आजोळचा आंबा खावा ही भावना समजू शकते. पण कॅलिफोर्नियातील रेडलँड्स गावाचे २०२४ मध्ये काय झाले, ते या मंडळींनी जाणून घ्यावे. आदल्या वर्षी तिथे हीच पूर्वेकडील फळमाशी सापळ्यांत आली होती. राज्यभर बारा महिने सापळे लटकत असतात, म्हणून ती लगेच लक्षात आली. नियंत्रण होईना, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत सरकारी पथकांनी दोन हजारांहून अधिक घरांच्या अंगणातील झाडांवरची फळे उतरवून नेली. संत्री, लिंबे, पेरू, सगळी. लोकांनी स्वतःच्या दारातले झाड ओकेबोके होऊ दिले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते निर्बंध उठले. अशी माशी एखाद्या प्रवाशाच्या पिशवीतील फळातूनही देशात शिरू शकते. ज्या देशात आपली मुले सन्मानाने राहतात, त्या देशाचा कायदा पेटीभर आंब्यांसाठी मोडणे हे संस्कारात बसत नाही. प्रक्रिया केलेला भारतीय आंबा तिथल्या दुकानांत रीतसर मिळतो, महाग असला तरी तो घ्यावा.

आणि आता आपल्या स्वतःच्या दाराकडे. जगातील सर्वांत कुख्यात फळमाशी आपली डॉर्सालिस नव्हे, तर आफ्रिकेतून निघून भूमध्य समुद्राच्या काठाने, पुढे हवाई, दक्षिण अमेरिका आणि पश्चिम ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली भूमध्य फळमाशी ही आहे. भारतात तिने अजून बस्तान बसवलेले नाही. आयात होणाऱ्या फळांवर तिच्यासाठी शीतप्रक्रियेच्या अटी आपल्या २००३च्या वनस्पती संगरोध आदेशात आहेत आणि त्या योग्यच आहेत. परंतु परदेशी संत्री, सफरचंदे, पेअर आता तालुक्याच्या फळगाड्यांवरही विकली जातात. त्यांतल्या एखाद्या खेपेतून ती माशी आलीच, तर नागपूरच्या संत्र्याला, नाशिकच्या डाळिंबाला आणि काश्मीर-हिमाचलच्या फळबागांना तिची झळ बसेल. ही माशी मिथिल युजेनॉलच्या वासाला येत नाही. तिचे आमिष वेगळे आहे, त्याला ट्रायमेडल्यूर म्हणतात. म्हणजे कोकणात आज लटकलेले सारे डबे तिच्या बाबतीत आंधळे आहेत. ती समोरून उडून गेली, तरी त्यांत सापडणार नाही.

म्हणून न्हावा-शेवा आणि मुंबई विमानतळाच्या परिसरात, वाशीच्या घाऊक फळबाजारात, आयात फळांच्या शीतगृहांभोवती आणि नागपूर-नाशिकच्या बाजार समित्यांत या वेगळ्या आमिषाचे सापळे कायम असले पाहिजेत. ते जिथे आधीच लावलेले आहेत, तिथे त्यांच्या साप्ताहिक नोंदी शेतकऱ्यांना आणि ग्राहकांना पाहता आल्या पाहिजेत. केंद्राच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाने आणि राज्याच्या पणन मंडळाने पुढच्या आंबा हंगामापूर्वी एवढे एक काम हाती घ्यावे. त्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर, आणि शक्य तितक्या पुढच्या पानांवर, शून्य लिहिलेले असावे, आणि ते सापळा उघडून, पाहून लिहिलेले असावे.